कपाळ तेवढं कोरं

आधीच सांगून टाकते. भूतखेत, आत्मा, अडकलेली इच्छा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तुमच्या या सदरात कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं... मी वाचते आणि पान उलटते. माझा सगळा जन्म मंडईत लिंबं आणि मिरच्या विकण्यात गेला. दृष्ट लागू नये म्हणून दारावर बांधायला लोक माझ्याकडूनच न्यायचे. लिंबू-मिरचीनं कुणाचं दुकान चाललेलं मी पाहिलं नाही — माझं सोडून.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण उपाय आणि तोडगे कळवू नका. मला काही झालेलं नाही. जे झालं ते प्रिंटरला झालं.

माझी थोरली बहीण, अक्का, तिच्या मुलाकडे येरवड्याला राहायची. मुलगा दिलीप, सून स्वाती. दुसरा मजला, हॉलला लागून गॅलरी, आणि गॅलरीच्या दारापाशी स्वातीचं कॉम्प्युटरचं टेबल. ती घरबसल्या लग्नपत्रिका आणि कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायची. तेव्हा पुण्यात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते, पण सगळ्यांकडे प्रिंटर नसायचा. स्वातीकडे प्रिंटर होता, फोटो आत घ्यायचा स्कॅनरही होता. बाई हुशार. शाईच्या डब्या संपल्या की इंजेक्शनच्या सुईनं स्वतःच भरायची.

आता अक्काबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

अक्काचं लग्न वाघोलीला झालं होतं. दिलीप तीन वर्षांचा असताना दाजींनी — म्हणजे तिच्या नवऱ्यानं — दुसरी बाई घरात आणून बसवली. अक्का पोराला उचलून आमच्या आईकडे नाना पेठेत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिनं तोंड धुतलं, कपाळ घासून घासून धुतलं आणि परत कुंकू लावलंच नाही. आईनं तिला चाळीतल्या सगळ्या बायकांसमोर मारलं. "नवरा जिवंत आहे ना गं तुझा!" अक्का म्हणाली, "आहे की. पण माझा नाही."

मी तिथेच बादली घेऊन नंबर लावून उभी होते. माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

पुढे तिला दूध केंद्रावर काम मिळालं. पहाटे जायचं, थंडी-पाऊस काही नाही. कोरं कपाळ बघून गिऱ्हाईक बायका हळहळायच्या. "अगंबाई, मिस्टर कशानं गेले हो?" अक्काचं उत्तर ठरलेलं. "कुठे गेलेत? वाघोलीला आहेत, तब्येत उत्तम. अर्धा लिटर देऊ का एक?" संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, आणि चुकून बोलावलंच तर ही जाऊन वाण घ्यायची, कुंकू लावायला हात पुढे आला की तो धरायची. माझा नवरा गेला तेव्हा मी कुंकू पुसलं, ते रीत म्हणून. लोकांनी पुसायला लावलं म्हणा. अक्कानं पुसलं ते स्वतःच्या मनानं, आणि मरेपर्यंत त्याची किंमत मोजली. हा फरक मला चौथी पास असून कळतो.

ती गेली तेव्हा शेजारच्या बायका हिरवी साडी आणि करंडा घेऊन आल्या. सवाष्ण गेली म्हणे, मळवट भरायला पाहिजे. मी दारात उभी राहिले. म्हटलं, साडी द्या, करंडा परत न्या. त्या दिवशी माझं ऐकलं. मयताच्या घरी म्हातारीशी भांडायला कुणाला जमत नाही.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मी येरवड्याला राहायला गेले. गेल्या गेल्या दिलीप म्हणाला, "मावशी, आईचा मोठा फोटो करतोय. भिंतीवर लावायला. अण्णा येणार आहेत."

"कुठले अण्णा?"

"माझे वडील, मावशी. दुसरे कुठले?"

मला माहीतच नव्हतं. वाघोलीकडे कॉलेजं निघाली, बिल्डर फिरायला लागले, दाजींच्या शेताला भाव आला. दुसऱ्या बाईला मूलबाळ नव्हतं आणि तीही वारली होती. मग दाजींना मुलगा आठवला, आणि मुलाला बाप आठवला. दर रविवारी हा तिकडे जात होता. घरात कुणी मला सांगितलं नव्हतं.

माझ्या मुलाच्या लग्नात अक्काचा एक रंगीत फोटो काढलेला होता. मोरपंखी साडी, लाल काठ, खुर्चीवर बसलेली, जरा हसतेय. तेवढाच चांगला. स्वातीनं तो कॉम्प्युटरमध्ये घेतला, मागचे लोक पुसले, आणि पडद्यावर मोठा करून मला दाखवला. मी बघितलं आणि म्हटलं, "हे काय?"

कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. रुपयाएवढं.

"अण्णा म्हणाले," दिलीप चहा पीत म्हणाला. "सवाष्ण गेली ना ती. अण्णा म्हणतात, मी हयात असताना बायकोचा फोटो बोडक्या कपाळानं लावायचा म्हणजे माझाच अपमान."

"तिनं ते स्वतः पुसलं होतं, दिलीप. तुझ्या आज्जीचा मार खाऊन पुसलं होतं. काढ ते."

"मावशी, तो रागाचा भर होता. किती वर्षं झाली त्याला!"

"तितकी सगळी वर्षं तिनं लावलं नाही. रागाचा भर एवढा टिकतो होय रे?"

"तू जुनं उगाळू नकोस गं." असं म्हणून त्यानं कप ठेवला आणि स्वातीला म्हणाला, "काढ प्रिंट."

स्वातीनं माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबलं.

पहिली प्रिंट इतकी वाईट आली की मला बरंच वाटलं. अंगावर आडवे पट्टे, तोंड हिरवट, जणू कावीळ झाली होती. कपाळ त्या पट्ट्यांतच गेलेलं. स्वाती म्हणाली, शाईची तोंडं चोंदली असतील. तिनं प्रिंटरला स्वतःची सफाई करायला लावलं. आतून घरघर, खरखर. दुसऱ्या प्रिंटला पट्टे कमी झाले, पण रंग ओला राहिला आणि बोट लागताच अक्काचा गाल पसरला. मग कळलं, चकचकीत कागद उलटा घातला होता. सुलटा घातला. मग कळलं, कागद फोटोचा आहे हे मशीनला सांगायचं राहिलं होतं, मशीन साधा समजून शाई सोडत होतं. तेही सांगितलं. मी खुर्चीवर बसून बघत होते. मला म्हणाल तर मंडईतल्या माझ्या तराजूला एवढं सांगावं लागत नव्हतं.

शेवटी एक प्रिंट झकास आली. साडीचा मोरपंखी रंग, काठाचा लाल, कानातल्या कुड्या, केसातली चांदी... सगळं जिथल्या तिथे.

कुंकू नव्हतं.

पुसट आलं असं नाही. तिथे चामडीचा रंग होता, कपाळाच्या दोन बारीक आठ्या होत्या, जशा मूळ फोटोत आहेत तशा. आणि समोर पडद्यावर मात्र लाल गोल दिसतोय.

"लाल शाई संपली असेल," दिलीप म्हणाला.

"अहो, लाल शाई नसती तर काठ कसा आला असता?" स्वाती म्हणाली.

"मग तुझी भरलेली शाई. काटकसर नडली."

नवी कोरी डबी आणली, कंपनीची. तेच. फाइल नव्या नावानं ठेवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. दुसऱ्या दिवशी गुरुवार, दुपारपर्यंत लाइट नव्हती, तेवढी दोघांना विश्रांती मिळाली. लाइट आल्यावर प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस आला. त्यानं मशीन उघडलं, पुसलं, चाचणीचं पान काढलं. सगळे रंग सरळ. अक्काचा फोटो काढला. कपाळ कोरं.

"फाइल करप्ट आहे मॅडम," तो म्हणाला.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"खराब झालीय, आजी."

"मग बाकीची बाई बरी कशी आली? तेवढं कपाळच खराब झालं होय?"

तो म्हणाला, असं होतं कधी कधी. कधी कधी म्हणजे कधी, हे त्याला सांगता आलं नाही. व्हिजिटचे पैसे मात्र घेऊन गेला.

मग स्वातीनं एक गोष्ट केली. शेजारच्या बाईंचा फोटो होता कॉम्प्युटरमध्ये, कुंकवासकट. तो छापला. कुंकू आलं. त्यांचंच कुंकू उचलून तिनं अक्काच्या फोटोत ठेवलं, आधी पदरावर. छापलं. पदरावर लाल गोल, स्वच्छ. मग तोच गोल सरकवत सरकवत खांद्यावर आणला. छापलं. आला. गालावर आणला. आला, आणि ते दिसायला इतकं वाईट दिसत होतं की मी तो कागद उलटा करून ठेवला. मग कपाळावर.

आम्ही तिघंही उभे होतो. प्रिंटरचं ते डोकं इकडून तिकडे जात होतं आणि कागद बोटभर बोटभर बाहेर येत होता. आधी केस, मग भांग, मग कपाळ. कपाळाचा भाग पूर्ण बाहेर आला तेव्हा दिलीपनं तो वाकून बघितला, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी त्या वेळेपर्यंत काय समजत होते ते लिहिते. मला वाटलं, स्वाती करतेय. सासूवर तिचा जीव होता, नवऱ्यापुढे बोलता येत नाही, म्हणून मशीनमध्ये काहीतरी खटपट करून ठेवलीय. मी मनात म्हटलं, शाबास पोरी. तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "तू करतेयस ना? मला सांगायला हरकत नाही. मी मरेपर्यंत बोलणार नाही."

ती भाजी चिरत होती. तिचे डोळे भरले. "मी केलं असतं तर बरं झालं असतं हो मावशी. पण मी तर त्यांनी सांगितलं आणि लावून मोकळी झाले. आई मला एकदा म्हणाल्या होत्या, मी गेल्यावर मला रंगवू नका. तरी मी लावलं. मला नाही म्हणता आलं नाही."

मला तिचं खरं वाटलं. तरीही खात्री म्हणून मी दिलीपला म्हटलं, तू बस आता, तिला उठव. त्याला ऑफिसमुळे कॉम्प्युटर येत होता. स्वातीला मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझ्या शेजारी बसवलं, हात माझ्या हातात. दिलीपनं मूळ फोटो नव्यानं आत घेतला, आपल्या हातानं कपाळावर कुंकू ठेवलं, आपल्या हातानं कागद घातला. कपाळ कोरं आलं. मग बिनकुंकवाची काढली, ती तर पहिल्या झटक्यात आली, आणि त्या ढिगातली सगळ्यांत सुंदर प्रिंट तीच होती. आता ही योगायोगाची गोष्ट असेल. तोवर मशीन साफ होऊन तयार झालं होतं, असंही म्हणता येईल. म्हणा.

फ्रेम तीच झाली. दुसरी होणार कुठून?

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी भटजी यायच्या आधी मी हॉलमध्ये आले तर दिलीप स्टुलावर उभा. हातात स्वातीचं टिकल्यांचं पाकीट. एक टिकली सोलून बोटावर घेतलेली, फ्रेमच्या काचेवर चिकटवायला.

"खाली उतर," मी म्हटलं.

"मावशी, प्लीज. अण्णा निघालेत. एवढीशी टिकली."

"एवढीशी आहे तर तुझ्या कपाळाला लाव."

"तुला कळत नाही गं!" तो एकदम ओरडला. मग आवाज उतरला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी जमिनीसाठी करतोय. असेल, तेही असेल. पण शाळेत प्रत्येक वर्षी बापाचं नाव लिहिलं मी, आणि बाप बघितला नाही. आता या वयात तो माझ्या घरी येतोय. दारातून फोटो बघून परत गेला तर?"

मी त्याला लहानपणी मांडीवर खेळवलाय. तो खोटं बोलत नव्हता. पण अक्कानं एकच गोष्ट स्वतःची म्हणून ठेवली होती, आणि ती गोष्ट पोराला बाप मिळावा म्हणून वापरायची झाली तरी तिला विचारून वापरायला पाहिजे होती. ते आता होणार नव्हतं. मी तेवढंच बोलले. "तिला विचारता येत नाही ना? मग हात लावू नकोस."

टेबलावर त्या सगळ्या प्रिंट पडलेल्या होत्या, एकावर एक. त्यानं तिकडे बघितलं. मग म्हणाला, "विचारलं ना आपण. आठवडाभर तेच विचारतोय." आणि टिकली परत पाकिटाला चिकटवली.

दाजी आले. पांढरा झब्बा, हातात काठी, अजून खणखणीत. फोटोसमोर उभे राहिले. "कुंकू?"

मला वाटलं, दिलीप म्हणणार प्रिंटर बिघडलाय. तो म्हणाला, "आईनं पुसलं होतं, अण्णा."

"लोक मला काय म्हणतील?"

तेव्हा मी बोलले. "लोकांना म्हणायचं ते त्यांनी तेव्हाच म्हणून घेतलंय, दाजी. बसा, पाणी घ्या."

ते परत गेले नाहीत. पाणी प्यायले, फोटोला फूल वाहिलं आणि जेवले. वरणभात दोनदा घेतला. जाताना दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे कुंकू नसल्यानं आभाळ कोसळणार होतं, ते काही कोसळलं नाही.

आता तुम्ही उलगडा मागाल. माझ्याकडे नाही. शाईचं म्हणावं तर गालावर उमटलं. फाइलचं म्हणावं तर दिलीपनं नवी केली. स्वातीचं म्हणावं तर तिचे हात माझ्या हातात होते. प्रिंटर पुढे भंगारात गेला. पुष्कळांनी सुचवलं की आजकालच्या चांगल्या मशीनवर पुन्हा छापून बघा. मी छापू दिलं नाही. जी बाई आयुष्यभर लोकांच्या हातांपासून कपाळ वाचवत राहिली, तिच्यावर मेल्यावर प्रयोग कशाला?

नातेवाईक मात्र अजून फोटोला हात जोडतात. अक्कांनी चमत्कार दाखवला म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो, आणि हे सगळं लिहायला मी बसले ती त्या रागापायीच. मागच्या महिन्यात दिलीपकडे त्याच्या ऑफिसातले लोक जेवायला आले होते. त्यानं ही हकीकत रंगवून सांगितली. मशीनची घरघर, कागद बाहेर येतोय, सगळं. एका पाहुण्यानं विचारलं, "पण मग आईंना कुंकू नको होतं हे तुम्हाला समजलं तरी केव्हा?"

दिलीप म्हणाला, "त्या प्रिंट बघूनच. त्याआधी आम्हाला कल्पनाच नव्हती."

मी समोरच उभी होते. पोळी वाढत होते.